नव्या उपचारासाठी जुन्या वैद्यकीय नोंदी कशा मिळवाव्यात

"जुने सगळे पेपर घेऊन या," असे नवे डॉक्टर सहज सांगून जातात आणि ऐकणाऱ्याचे पुढचे तीन-चार आठवडे त्या एका वाक्यामागे धावण्यात जातात. सगळे पेपर म्हणजे नेमके कोणते, हे सांगणारा सांगत नाही आणि त्या क्षणी विचारायचे आपल्यालाही सुचत नाही. मग आपण जुन्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमपुढे उभे राहून "आमची फाईल द्या" म्हणतो, तिथला कारकून डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात ठेवतो आणि नवे डॉक्टर ती उलटसुलट पाहून विचारतात, "एवढेच?" माझ्या आईच्या वेळी हे असेच घडले. दुसऱ्या फेरीत जे उमगले ते पहिल्या फेरीला ठाऊक असते, तर निम्मी धावपळ वाचली असती. पुढचे सगळे त्या अनुभवातून आणि त्या निमित्ताने केलेल्या वाचनातून आलेले आहे.

आधी डॉक्टरांचा प्रश्न समजून घ्या

आईवर ११ वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले होते. आजार उलटल्यावर ज्या नव्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांना जुन्या उपचारांबद्दल खरे तर दोनच गोष्टी हव्या होत्या, पण त्या आम्हाला कळल्या आमच्या तिसऱ्या भेटीत. पहिली गोष्ट म्हणजे डॉक्सोरुबिसिन हे औषध तेव्हा एकूण किती दिले गेले होते. हे लाल रंगाचे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते आणि ती जोखीम आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेबरोबर वाढत जाते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅम दिल्यावर हृदय निकामी होण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के असते, तर ५५० मिलिग्रॅमला ते सुमारे २६ टक्क्यांवर जाते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात आढळले होते. त्यामुळे त्याच गटातले औषध पुन्हा द्यायचे की नाही, हे ठरवताना आधीचा आकडा हातात असावा लागतो. आमच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र "केमोथेरपीच्या ४ सायकल पूर्ण, प्रकृती स्थिर" एवढीच ओळ होती (सायकल म्हणजे ठरावीक अंतराने दिलेली औषधांची एक फेरी). ती खोटी नव्हती, पण या प्रश्नासाठी निरुपयोगी होती.

दुसरी गोष्ट बायॉप्सीच्या जुन्या अहवालातली होती. त्यात हर-२ या प्रथिनाच्या तपासणीपुढे फक्त "निगेटिव्ह" असा शेरा होता. या तपासणीचा निकाल मुळात ०, १+, २+ किंवा ३+ अशा गुणांत येतो, आणि पूर्वी ० काय नि १+ काय, दोन्ही निगेटिव्हमध्येच धरले जात, कारण उपचारात त्याने काही फरक पडत नसे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन हे औषध शरीरात पसरलेल्या आणि हर-२ कमी प्रमाणात असलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर केले, आणि १+ व ० यांच्यातला फरक एकाएकी महत्त्वाचा झाला. ज्या पॅथॉलॉजिस्टने ११ वर्षांपूर्वी "निगेटिव्ह" लिहिले, त्याने काहीच चुकीचे केले नव्हते. विचारला जाणारा प्रश्नच नंतर बदलला.

जुन्या नोंदींची खरी अडचण ही आहे. त्या त्यांच्या काळाच्या गरजेपुरत्या लिहिलेल्या असतात आणि नवा उपचार त्यांना वेगळा प्रश्न विचारतो. म्हणून रेकॉर्ड रूमकडे निघण्याआधी नव्या डॉक्टरांना, किंवा ते घाईत असतील तर त्यांच्या सहायकांना, शांतपणे विचारावे: "जुन्या नोंदींतून तुम्हाला नेमके काय समजून घ्यायचे आहे? ते कोणत्या कागदावर सापडेल? आणि ते मिळालेच नाही, तर उपचार थांबेल की दुसरा मार्ग आहे?" ही उत्तरे त्यांच्याकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. संकोच वाटतो हे खरे, पण त्या चिठ्ठीतला "डॉक्सोरुबिसिनची सायकलनिहाय मात्रा" हा एक शब्दप्रयोग "सगळे पेपर" यापेक्षा शंभरपट उपयोगी पडतो.

हा प्रश्न आजारागणिक वेगळा असतो. बदललेला सांधा पुन्हा बदलायचा असेल, तर आतल्या भागाचा निर्माता, मॉडेल आणि माप लागते, कारण जुना भाग काढण्याची अवजारे आणि त्यावर बसणारे सुटे भाग त्यावर ठरतात. हृदयात पेसमेकर किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीवर क्लिप असेल, तर एमआरआय करण्यापूर्वी तिचे नेमके मॉडेल विचारले जाते. संधिवातासाठी जैविक औषधे (बायोलॉजिक्स) सुरू करताना पूर्वी क्षयरोग झाला होता का आणि त्याचे औषधोपचार पूर्ण झाले होते का, हे पाहिले जाते, कारण यांतली काही औषधे दबून असलेला क्षयरोग जागा करू शकतात. पूर्वी भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड गेले असेल, तर ती नोंद भूलतज्ज्ञाच्या कागदावर असते आणि डिस्चार्ज कार्डावर बहुधा नसते.

जे पुन्हा करता येते, त्यामागे लागू नका

चिठ्ठी हातात आली की तिचे दोन भाग करावेत. रक्तगट, कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या, हृदयाची सोनोग्राफी, साधा एक्स-रे या गोष्टी आज नव्याने करता येतात, आणि बहुतेक वेळा नव्यानेच कराव्या लागतात. त्यांचे जुने कागद सहज मिळाले तर ठीक, पण त्यांच्यासाठी खेटे घालण्यात अर्थ नाही. तुलनेसाठी जुना अहवाल हवा असल्याचे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले असेल, तर गोष्ट वेगळी.

उलट ज्या गोष्टी घडून गेल्या आणि पुन्हा घडवता येत नाहीत, त्यांच्यासाठी सगळी शक्ती राखून ठेवावी. दिलेल्या औषधांच्या मात्रा, रेडिएशनचा तपशील, शस्त्रक्रियेत काय काढले आणि काय ठेवले, उपचार सुरू होण्यापूर्वीचे स्कॅन आणि पहिल्या गाठीचा ऊतक (टिश्यू) ही ती यादी. या कामात माणसे थकतात ती कागदांच्या संख्येमुळे, आणि थकलेला माणूस नेमका महत्त्वाच्या कागदाशी येऊन हात टेकतो. आम्ही रक्ताच्या अहवालांची जाडजूड चळत जमवली होती. ती कोणी उघडूनही पाहिली नाही.

कोणती नोंद कुठे असते

रुग्णालयात आपल्या नावाची एकच फाईल असते आणि तिच्यात सगळे असते, हा समज आधी सोडावा. नोंदी विभागाविभागांत विखुरलेल्या असतात, आणि रेकॉर्ड रूममधल्या माणसाला दुसऱ्या विभागाकडे काय आहे हे ठाऊक असेलच असे नाही.

दाखल असतानाचे केस पेपर, म्हणजे डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांचे औषध दिल्याचे तक्ते, शस्त्रक्रियेची टिपणी आणि भुलेचा कागद, हे सहसा रेकॉर्ड रूममध्ये असतात. औषधांची खरी मात्रा डॉक्टरांच्या नोंदीपेक्षा परिचारिकांच्या तक्त्यावर भरवशाने सापडते, कारण डॉक्टर काय द्यायचे ते लिहितात आणि परिचारिका काय दिले ते. केमोथेरपी डे-केअरमध्ये झाली असेल, तर तिचे तक्ते दाखल रुग्णांच्या फायलींत नसून डे-केअरच्या वेगळ्या नोंदवहीत असू शकतात. आम्हाला आकडा तिथेच मिळाला. पिवळ्या पडलेल्या चार कागदांवर प्रत्येकी ९६ मिलिग्रॅम अशी नोंद होती, कोपऱ्यात उंची-वजन आणि त्यावरून काढलेले १.६ चौरस मीटर हे शरीराचे पृष्ठफळ होते. चार वेळचे मिळून ३८४ मिलिग्रॅम, त्याला १.६ ने भागले की २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. तीन आठवडे अडलेला निर्णय त्या भागाकाराने पाच मिनिटांत पुढे सरकला. म्हणून मात्रेबरोबर त्या दिवसाची उंची आणि वजन असलेला कागदही आवर्जून मागावा. नुसत्या मिलिग्रॅमवरून हिशेब पूर्ण होत नाही.

रेडिएशनच्या नोंदी त्या विभागाच्या स्वतःच्या संगणकप्रणालीत असतात. तिथून उपचार पूर्ण झाल्याचा सारांश मागावा, ज्यात एकूण मात्रा ग्रे या एककात, किती सत्रांत आणि शरीराच्या कोणत्या भागावर दिली, हे असते. त्याच जागी पुन्हा रेडिएशन देण्याचा विचार असेल, तर सारांश पुरत नाही. मूळ नियोजनाच्या डिजिटल फायली लागतात, कारण मणक्यातल्या मज्जारज्जूसारख्या अवयवाला आधी किती मात्रा पोहोचली होती, हे त्यांवरूनच मोजता येते.

स्कॅनच्या बाबतीत लोक हमखास फसतात ते अहवाल आणि प्रतिमा यांच्यातल्या फरकामुळे. अहवाल म्हणजे एका डॉक्टरने प्रतिमा पाहून लिहिलेले मत. नव्या डॉक्टरांना बहुतेकदा त्या प्रतिमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या असतात. प्रतिमांची फिल्मही पुरेशी नसते. सीटी स्कॅनमध्ये शेकडो काप असतात आणि प्रत्येक कापात करड्या रंगाच्या हजारो छटा साठवलेल्या असतात, त्यांतल्या निवडक कापांचा आणि निवडक छटांचा ठसा फिल्मवर उमटतो. फुप्फुस नीट दिसेल अशी छपाई केली की हाड नीट दिसत नाही, आणि हाडाची केली की फुप्फुस. म्हणून मागताना "डायकॉम स्वरूपातला पूर्ण अभ्यास" असे शब्द वापरावेत. डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमांचे सर्वत्र चालणारे प्रमाण स्वरूप आहे, हे नाव त्याला १९९३ पासून आहे, आणि जगातल्या बहुतेक सर्व रुग्णालयांची यंत्रे ते वाचू शकतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून दिलासा मिळतो, पण त्यावर गाठ मोजता येत नाही.

सीडी मिळाली की ती तिथल्या तिथे उघडून पाहावी. आम्हाला मिळालेल्या सीडीवर आईचे नाव होते आणि आत काहीच नव्हते. सीडीवरचा संपूर्ण फोल्डर, फायलींची नावे न बदलता, पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा, कारण सीडीच्या थरावर वर्षागणिक परिणाम होतो आणि आता बहुतेक लॅपटॉपना सीडी घालायची जागाही नसते. जाता जाता एक सूचना: ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही वर्षांत कोरा दिसू लागतो, म्हणून घरात जुना ईसीजी असेल तर आजच त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा.

ब्लॉक आणि स्लाइड

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि माझ्या मते तोच सर्वांत मौल्यवान आहे. बायॉप्सी किंवा शस्त्रक्रियेत काढलेला ऊतक पॅथॉलॉजी विभागात फॉर्मॅलिनमध्ये टिकवला जातो, मग पॅराफिन मेणात बसवला जातो. मेणाचा तो चौकोनी तुकडा म्हणजे ब्लॉक. काडेपेटीहून लहान अशा प्लॅस्टिकच्या चौकटीवर तो बसवलेला असतो आणि चौकटीच्या कडेवर क्रमांक असतो. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर लावले, रंगवले की झाली स्लाइड. अहवालातला "निगेटिव्ह" हा शेरा बदलता येत नाही, पण ब्लॉक शाबूत असेल तर त्यातून ताजा काप काढून आजची चाचणी आजच्या निकषांनी करता येते. आईच्या बाबतीत अखेर तेच झाले.

ब्लॉक रेकॉर्ड रूममध्ये नसतो. तो पॅथॉलॉजी विभागाच्या साठ्यात असतो, आणि बायॉप्सी बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासली गेली असेल, तर त्या प्रयोगशाळेत. म्हणून जुन्या बायॉप्सी अहवालाच्या डोक्यावर कोणाचे नाव छापले आहे, ते आधी पाहावे. त्याच अहवालावर नमुना क्रमांक असतो. वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि पुढे अनुक्रमांक, अशी त्याची घडण अनेकदा असते. पॅथॉलॉजीचा साठा रुग्णाच्या नावाने लावलेला नसून या क्रमांकाने लावलेला असतो. नावाने विचारल्यास "शोधावे लागेल, पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळते, क्रमांक सांगितल्यास माणूस थेट कपाटाकडे वळतो.

साठा किती वर्षे ठेवायचा, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या निकषांनुसार ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही किमान १० वर्षे ठेवायचे असतात. किमान मुदत उलटली म्हणजे नमुना टाकून दिलाच असेल, असे मानू नये. आमची मुदत त्या हिशेबाने उलटून गेली होती, तरी ब्लॉक जागेवर होता.

मागताना "स्लाइड द्या" म्हणून थांबू नये. रंगवलेल्या स्लाइडवरून दुसरे मत घेता येते, पण नवी चाचणी त्यावर सहसा करता येत नाही. तिला ब्लॉक हवा किंवा त्यातून नव्याने कापलेल्या, न रंगवलेल्या स्लाइड हव्यात. असे काप महिनोन् महिने पडून राहिले तर काही चाचण्यांचे निकाल फिके येतात, म्हणून तपासणीची तारीख ठरल्यावरच ते कापून घ्यावेत. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील, तर कोणत्या ब्लॉकमध्ये गाठीचा भाग भरपूर आहे ते पॅथॉलॉजिस्टलाच निवडायला सांगावे. काही ठिकाणी कुटुंबाच्या हातात ब्लॉक देत नाहीत, रुग्णालयाकडून रुग्णालयाकडेच पाठवतात. त्यावर वाद घालण्यापेक्षा नव्या डॉक्टरांकडून मागणीपत्र आणणे लवकर पार पडते. ब्लॉक हातात दिलाच, तर तो मेणाचा आहे हे विसरू नये: उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नये, आणि सामानात न टाकता स्वतःजवळ बाळगावा.

अर्ज असा लिहावा

तोंडी मागणीला मुदत नसते आणि पुरावाही नसतो. अर्ज लेखी द्यावा, दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख यांसह पोच घ्यावी. ई-मेलने पाठवायचा असेल, तर विषयाच्या ओळीत रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहावा. अर्जाची भाषा साधी असावी आणि तक्रारीचा सूर नसावा. आमचा दुसरा, म्हणजे कामी आलेला अर्ज साधारण असा होता:

"माझ्यावर आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत उपचार झाले. माझा नोंदणी क्रमांक अमुक असून तेव्हाच्या कागदांवर माझे नाव तमुक असे नोंदलेले आहे. सध्या सुरू होणाऱ्या उपचारासाठी मला पुढील नोंदींच्या साक्षांकित प्रती हव्या आहेत: केमोथेरपीचे सर्व सायकलचे औषधतक्ते, उंची आणि वजनाच्या नोंदीसह, शस्त्रक्रियेची टिपणी, आणि उपचारांपूर्वीच्या सीटी स्कॅनच्या डायकॉम स्वरूपातील प्रतिमा. नव्या डॉक्टरांचे पत्र आणि माझे ओळखपत्र सोबत जोडले आहे. यांपैकी एखादी नोंद उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे आणि उपलब्ध असलेल्या नोंदी त्यासाठी न थांबवता द्याव्यात. उपचार अमुक तारखेपूर्वी सुरू करावयाचे आहेत."

यातली शेवटून दुसरी विनंती मी मुद्दाम घातली होती. एक कागद सापडत नाही म्हणून सापडलेले नऊ कागदही टेबलावर पडून राहतात, असा पहिल्या वेळचा अनुभव होता. रुग्ण स्वतः जाऊ शकत नसेल, तर त्याने सही केलेले अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रे लागतात. मुलगा किंवा मुलगी असणे एवढे पुरत नाही, आणि ते योग्यही आहे. उद्या आपले कागद कोणीही नातेवाईक म्हणवून घेऊन गेलेले आपल्यालाही चालणार नाही. पॅथॉलॉजी, स्कॅन आणि रेडिएशन या विभागांना वेगवेगळे अर्ज द्यावेत. एकच अर्ज रुग्णालयाच्या आत फिरत राहिला की तो कुठे अडकला हे कोणालाच सांगता येत नाही.

कायदा कोणत्या बाजूने आहे, हे माहीत असले की आवाज न चढवता ठाम राहता येते. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षणाच्या नियमांनुसार अर्जाचे उत्तर एका महिन्यात द्यावे लागते, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने घेता येतात, आणि पहिली प्रत विनाशुल्क असते. अमेरिकेत १९९६ च्या हिपा या आरोग्य-माहितीविषयक कायद्याखालील नियमांनुसार ३० दिवसांची मुदत आहे आणि ती एकदा ३० दिवसांनी वाढवता येते. भारतात वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमावलीने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देण्याचे बंधन घातले आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवायला सांगितल्या. मुदत संपल्यावर पाठवायच्या पत्रात नियमाचा उल्लेख करावा, पण पहिल्याच अर्जात तो करू नये, असे मला वाटते. रेकॉर्ड रूममधला माणूस बहुतेकदा आपला शत्रू नसतो. तळघरात, धुळीत, तुटपुंज्या मदतीवर तो काम करत असतो, आणि ज्याला कायदा दाखवला जातो तो नियमाइतकेच करतो. फाईल खरोखर शोधायला लागते ती नियमापलीकडची मेहनत.

रेकॉर्ड रूममधला तो शोध सोपा व्हावा म्हणून तारखा बरोबर न्याव्यात. जुन्या कागदी फायली अनेक ठिकाणी डिस्चार्जच्या तारखेनुसार बांधलेल्या असतात, आणि नावापेक्षा तारीख जास्त उपयोगी पडते. तारीख आठवत नसेल तर जुने बिल, विम्याची कागदपत्रे, त्या काळातले ई-मेल किंवा फोनमधले फोटो धुंडाळावेत. नावाच्या बाबतीत तेव्हाचे स्पेलिंग, लग्नापूर्वीचे आडनाव, नाव आणि आडनावाची उलटापालट, चुकीचे वय हे सगळे पर्याय सुचवावेत. आईची फाईल दोन वेळा "नाही" म्हणून सांगितली गेली आणि तिसऱ्या वेळी आडनावातल्या एका अक्षराच्या चुकीसह सापडली.

प्रती हातात आल्यावर

खिडकीशीच पाने मोजावीत. मग प्रत्येक पानावरचे नाव आणि नोंदणी क्रमांक पाहावा, कारण जुन्या फायलींत दुसऱ्याचे पान शिरलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही. आम्हाला मिळालेल्या १४ पानांपैकी ३ पाने भलत्याच बाईंची होती. ती परत देऊन आमची तीन शोधून घेण्यात अर्धा दिवस गेला, पण नव्या डॉक्टरांनी त्या बाईंचे रक्ताचे आकडे आईचे समजून वाचले असते, तर काय झाले असते याचा विचारही नको. उजवी-डावी बाजू, औषधांची ॲलर्जी आणि शस्त्रक्रियेची तारीख एवढे तरी स्वतः ताडून घ्यावे. पाठपोट छापलेल्या कागदांची मागची बाजू झेरॉक्समध्ये सुटते, आणि औषधांचे तक्ते नेमके मागच्या बाजूला असतात.

नोंद मिळालीच नाही तर

रुग्णालय बंद झालेले असते, डॉक्टर निवृत्त झालेले असतात, तळघरात पाणी शिरलेले असते. अशा वेळी आधी हे पाहावे की त्याच माहितीची सावली आणखी कुठे पडली असेल. विम्याचा दावा केला असेल, तर विमा कंपनीकडे डिस्चार्जचे कागद आणि तपशीलवार बिले असू शकतात. औषधाच्या बिलावर किती मिलिग्रॅमच्या किती बाटल्या घेतल्या हे असते. त्यावरून दिलेली मात्रा नेमकी कळत नाही, कारण उरलेले औषध टाकून दिले जाते, पण त्याहून जास्त दिले नसावे एवढी वरची मर्यादा कळते. ज्या डॉक्टरांनी पाठवले होते किंवा ज्यांना नंतर दाखवले होते, त्यांच्याकडच्या पत्रात सारांश असू शकतो. सांध्याचे किंवा हृदयातले साधन असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दिलेले छोटे कार्ड घरातल्या कुठल्यातरी पाकिटात असते, आणि केस पेपरवर साधनाच्या वेष्टनाचा स्टिकर चिकटवलेला असतो.

हे सगळे करूनही हाती काही लागले नाही, तर "नोंद उपलब्ध नाही" असे जुन्या रुग्णालयाकडून लेखी घ्यावे. रिकाम्या हाताने परत येणे आणि हे पत्र घेऊन परत येणे यांत मोठा फरक आहे. पत्र पाहिल्यावर डॉक्टर वाट पाहणे थांबवतात आणि सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरून नियोजन करतात: जुनी मात्रा जास्तीत जास्त होती असे मानून दुसरे औषध निवडतात, हृदयाची तपासणी नव्याने करतात, किंवा ब्लॉक नसल्यास शक्य तिथे पुन्हा बायॉप्सी घेतात. कोणताही कागद मिळेपर्यंत उपचार आपण होऊन पुढे ढकलू नयेत. थांबायचे की नाही, हे डॉक्टरांना दर आठवड्याला विचारावे. चार दिवसांत मिळेल असे सांगितलेला कागद चाळीस दिवसही घेतो, आणि आजार तोवर थांबत नाही.

नव्या डॉक्टरांकडे जाताना जाडजूड गठ्ठा न देता वर एक पान लावावे, ज्यावर तारखांच्या क्रमाने काय झाले आणि त्याचा कागद आतल्या कोणत्या पानावर आहे, हे लिहिलेले असेल. आठवणीतून लिहिलेल्या गोष्टींपुढे "आठवणीनुसार" असे नमूद करावे, म्हणजे कागदावरचा आकडा आणि आपला अंदाज यांची गल्लत होणार नाही. मूळ प्रती कधीही देऊ नयेत, आणि प्रत्येक कागदाची स्कॅन केलेली प्रत घरातल्या दोघांकडे तरी असावी.

ब्लॉकचे मात्र तसे नाही. त्याची प्रत नसते. नवी चाचणी झाली की तो नव्या प्रयोगशाळेतून आठवणीने परत मागावा, चौकटीवरचा क्रमांक जुन्या अहवालाशी ताडून पाहावा आणि जिथून आणला त्या पॅथॉलॉजी विभागात जमा करून पोच घ्यावी. आईचा ब्लॉक परत द्यायला गेलो, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने तो उजेडाकडे धरून किती ऊतक उरला आहे ते पाहिले, नोंदवहीत आणखी एका चाचणीपुरता भाग शिल्लक असल्याचा शेरा लिहिला आणि मगच तो कपाटात ठेवला.